लाल दिवा आणि दोन सायकलस्वार

तक्रार एका ओळीची होती. ‘या चौकात सायकलवाले सर्रास सिग्नल तोडतात, बंदोबस्त करावा.’ आम्ही सिग्नलची देखभाल करणारी माणसं. अशी तक्रार आली की पोलिसांकडे पाठवून मोकळं व्हायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मी स्वतः सायकलने कामावर जाते, प्रत्येक सिग्नलला थांबते, आणि शेजारून एखादा सुळकन निघून गेला की मला मनापासून राग येतो. त्याला गाठून बोलावं की सोडून द्यावं, हा प्रश्न तर रोजचाच. म्हणून ही तक्रार मी मागून घेतली.

उजाडता उजाडता आम्ही दोघं चौकात पोचलो. माझा सहकारी गाडीवाला. ‘तुमचे सायकलवाले’ हे त्याचं ठरलेलं पालुपद. गाडीने सिग्नल तोडला तेव्हा ‘आमचे गाडीवाले’ असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही.

बाजूच्या छोट्या रस्त्यावर एक बाई सायकल घेऊन उभ्या होत्या. मोठा रस्ता रिकामा, तरी त्याचाच दिवा हिरवा. बराच वेळ गेला, शेवटी दोन्हीकडे नीट बघून त्या लाल दिव्यातून निघाल्या. मी हात करून त्यांना थांबवलं. ‘ताई, लाल आहे ना?’

‘माझ्यासाठी हा हिरवा होतच नाही हो,’ त्या म्हणाल्या. ‘मागे एखादी गाडी येऊन थांबली तर होतो. पहाटे कुठली गाडी?’

हे ऐकलं आणि मी कॅबिनेट, म्हणजे सिग्नल चालवणारी कडेची पेटी, उघडायला धावले.

अशा छोट्या रस्त्याला हिरवा मिळतो तो मागणी आली तरच. ती मागणी नोंदवते डांबरात खाच पाडून बसवलेली तारेची चौकोनी वेटोळी, आमच्या भाषेत लूप. लोकांना वाटतं लूपला वजन कळतं, म्हणून काही जण सायकल दाणदाण आपटतात. वजनाचा काहीही संबंध नाही. तारेतून उलटसुलट वाहणारा प्रवाह असतो. वर वीजवाहक धातू आला की तारेचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, घटतं, आणि कॅबिनेटमधलं डिटेक्टर कार्ड तो बदल पकडतं. गाडीचा खालचा पत्रा एवढा मोठा की ती कुठेही थांबली तरी चालते. सायकलीचं उभं चाक मात्र बरोबर तारेच्या वर आलं तरच कळतं, चौकोनाच्या मध्यभागी जवळजवळ नाहीच. आणि सज्जन सायकलस्वार थांबतो नेमका मध्यभागी.

मी माझी सायकल मध्यभागी उभी केली. सहकारी कार्डासमोर. ‘काही नाही.’ पुढचं चाक हळूहळू सरकवत डांबरातल्या काळ्या भरलेल्या रेघेवर आणलं, तर कार्डावरचा दिवा क्षणभर लागला आणि विझला. कार्डाची संवेदनशीलता कुणीतरी पार खाली आणून ठेवली होती. का, तेही कळलं: एक पायरी वाढवली की शेजारच्या लेनमधल्या ट्रकचीही मागणी नोंदली जायची. म्हणजे कुणीतरी ट्रकचा त्रास मिटवला आणि त्यात सायकली पुसून टाकल्या. कॅबिनेटमधल्या वहीत त्याची साधी नोंदसुद्धा नाही. ही बेफिकिरी मला सिग्नल तोडण्याइतकीच गंभीर वाटते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. इथली मागणी लूपवर काहीतरी उभं आहे तोवरच टिकते. कंटाळून सायकल स्टॉप लाइनच्या पुढे सरकवली की मागणी गळून पडते. म्हणजे कार्डाने सायकल पकडली तरी उतावळा माणूस आपलाच हिरवा घालवतो.

तक्रारीतले काही ‘सिग्नल तोडणारे’ तर तोडतही नसावेत. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला जेमतेम चार मीटर कापते. २४ मीटर रुंद चौक पार करायला तिला सहा सेकंद लागतात. पिवळा असतो तीन सेकंदांचा, गाड्यांच्या हिशेबाने ठरवलेला. हिरव्याच्या शेवटच्या क्षणी शिरलेला माणूस लाल लागल्यावर चौकाच्या मध्यात दिसणारच. सहकाऱ्याला हे पटलं. त्याने निमूटपणे वहीत आकडे लिहून घेतले, आणि तेव्हा तो मला आवडला.

इथवर सायकलवाल्यांची बाजू घेणं सोपं होतं. मग गर्दीची वेळ झाली.

या चौकात पादचाऱ्यांसाठी चारी बाजू एकदम थांबवतात. खांबावरचा टिकटिक आवाज जलद होतो, तो अंधांसाठी. पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ त्या आवाजावर उतरले. त्यांना गाड्या दिसत नाहीत, पण इंजिनं ऐकू येतात, आणि सगळी इंजिनं जागच्या जागी होती. सायकलीला इंजिन नसतं. उभ्या गाड्यांच्या फटीतून एक तरुण आला, काठीचं टोक त्याच्या पुढच्या चाकाच्या आऱ्यांत शिरलं. कडकन आवाज झाला. काठीचा खालचा भाग वाकून कोनात राहिला. गृहस्थ पडले नाहीत, पण जागीच गोल फिरले आणि त्यांचा दिशेचा अंदाज गेला. रस्त्याच्या मधोमध त्यांना कुठे तोंड आहे ते कळेना.

मी धावत जाऊन त्यांना विचारलं, हात धरू का? ‘धरा,’ ते म्हणाले, ‘पण आधी सांगा, तो कुठल्या बाजूने आला?’ कडेला पोचेपर्यंत त्यांनी हे पुन्हा विचारलं. तरुण माफी मागत होता, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मग मी त्या तरुणाला धरलं.

‘मी बघून निघालो होतो, मॅडम. सगळ्या गाड्या उभ्या होत्या.’

‘उभ्या होत्या, कारण हे चालत होते.’

तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘काही देशांत तर सायकलींना लाल दिव्याला जायची परवानगी आहे.’ आहे, मला माहीत आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ साली सायकलींसाठी वेगळा नियम केला. त्याच्या आजच्या रूपात लाल दिव्याला आधी पूर्ण थांबायचं, इतरांना वाट द्यायची, मगच निघायचं. फ्रान्समध्ये २०१२ पासून ठरावीक सिग्नलांवर सायकलीची छोटी त्रिकोणी पाटी असते. तिथेच आणि बाणाच्याच दिशेने जाता येतं, तेही पादचाऱ्यांना आधी जाऊ देऊन. टिकटिक चालू असताना फटीतून घुसायची परवानगी यांतल्या कुठल्याच नियमात नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं.

त्यावर तो म्हणाला, ‘पहाटे त्या बाजूच्या रस्त्यावर तुमचा सिग्नल मला ओळखतच नाही. मग मी त्याचं का ऐकायचं?’

पहिल्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर होतं, याला नव्हतं. दोन तासांपूर्वी मीच ते पाहिलं होतं. मी त्याला चाक कुठे ठेवायचं ते दाखवायला निघाले आणि त्याच्या चाकांकडे पाहिलं. रिम कार्बनच्या, धातूच्या नव्हेत. सायकली नीट कळाव्यात म्हणून लूप तिरका कापून नव्याने बसवला, तरी अशी चाकं त्याला जेमतेमच कळणार.

कार्यालयात नवी भांडणं. तक्रारीच्या फॉर्मवर कारणाला एकच रकाना. सहकारी म्हणे, ‘शिस्तीचा अभाव’ लिहू. अंध माणसाची काठी वाकलेली बघून त्याचंही रक्त तापलं होतं, ते मी समजू शकते. पण त्या एका शब्दात पहाटेच्या ताईही ढकलल्या जातात. ज्याने दिवा मिळण्याची वाट पाहिली आणि ज्याने दुसऱ्याच्या दिव्यावर चाक घातलं, त्या दोघांना मी एका रकान्यात बसवू देणार नाही. मी फॉर्म फाडला आणि दोन स्वतंत्र तक्रारी नोंदवल्या.

पहिलीत तिरका लूप, तारेवर रंगवलेलं सायकलीचं चिन्ह आणि खांबाला सायकलस्वाराच्या हाताशी येईल असं बटण मागितलं आहे. बटणाला रिमचा धातू लागत नाही. दुसरीत सायकलींची स्टॉप लाइन झेब्राच्या बरीच मागे घ्यायला सांगितली आहे. त्याने तो तरुण थांबेल का, याची मला खात्री नाही. टिकटिक चालू असताना कुणी घुसला, तर मी यापुढेही त्याला गाठून बोलणार. पहाटे बाजूच्या रस्त्यावरून कुणी निघाला, तर त्याला आधी चाक कुठे ठेवलं होतंस ते विचारणार. सहकाऱ्याच्या मते ही मी माझ्या माणसांना दिलेली सवलत आहे. त्याचं आणि माझं अजून जमलेलं नाही.