साखरसम्राटाच्या बंगल्यातल्या वह्या

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदराकडून बेरियाच्या टेकडीवर चढत गेलं की ग्लॅडिस माझिबुको रस्त्यावर पांढऱ्या भिंतींचा एक देखणा बंगला लागतो. मकलनूक. साखरसम्राट सर मार्शल कॅम्पबेल यांच्या कुटुंबासाठी तो १९१४ मध्ये उभा राहिला. त्यांची मुलगी किली हिनं आयुष्यभर इथे कागद जमवले. लोक अडगळ म्हणून फेकून देतील अशी घरगुती पत्रं, रोजनिश्या, अल्बम, वर्तमानपत्रांची कात्रणं डकवलेल्या वह्या. १९६५ मध्ये ती वारली आणि संग्रह विद्यापीठाकडे गेला.

मी आले होते ती जेम्स स्टुअर्टच्या टिपणांसाठी. हा नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या (डर्बन तिच्यातच) सरकारचा मॅजिस्ट्रेट. १८९७ पासून पुढे वीसेक वर्षं त्याने तिथल्या झुलू लोकांतल्या जाणत्यांना बोलतं केलं आणि ऐकलेलं उतरवून घेतलं. छापील खंड समोर घेऊन बसले. प्रत्येक जबानीवर तारीख, सांगणाऱ्याचं नाव. इंग्रजी मजकुरात मध्येच झुलू वाक्यं तशीच ठेवलेली. न्दुक्वाना नावाचा माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. तो स्वतः तर सांगतोच, पण दुसरे बोलत असतानाही शेजारी बसलेला असतो, मध्येच भर घालतो. स्टुअर्टचे प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी कागदावर नाहीत. हाच स्टुअर्ट १९०६ च्या बंबाथा उठावात, म्हणजे वसाहतीच्या सरकारविरुद्धच्या झुलूंच्या बंडात, सरकारी फौजेत होता. हे ध्यानात ठेवून वाचलं की एकेका उत्तराआधी काय विचारलं असेल, याचाच विचार मनात घोळत राहतो.

नाताळचे बिशप कोलेन्सो यांची मुलगी हॅरिएट हिचे कागदही इथेच आहेत. झुलू राजा दिनुझुलूवर खटला भरला तेव्हा ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. गोऱ्यांच्या वसाहतीत राहून हे करायला केवढी हिंमत लागली असेल!

आणि हे सगळं जमलं ते ज्या घराच्या पैशावर, तो पैसा उसाचा. १८६० पासून मद्रास-कलकत्त्याहून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, नाताळच्या मळ्यांत आले. करार संपल्यावरही राहू पाहणाऱ्यांवर वर्षाला तीन पौंडांचा कर बसला. आपले गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये इथे आले, ते हा कर रद्द व्हावा म्हणून बोलले. पुढच्याच वर्षी हिंदी मजुरांचा संप पेटला आणि कॅम्पबेलांच्या माउंट एजकोमच्या मळ्यापर्यंत पोचला. त्या ऊसतोड्यांपैकी किती जणांच्या हातची वही कुणी जपली? मला हा प्रश्न या बंगल्यात बसूनच पडायला हवा होता, असं वाटतं.

डर्बनला जाणार असाल तर समुद्रकिनाऱ्यातला अर्धा दिवस इथे द्या. आधी वेळ मात्र ठरवून घ्या.