कुत्र्याचे केस आणि व्हॅक्यूम क्लीनरची निवड

व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न वॅटचा निघतो, आणि विकणाराही तोच आकडा आधी पुढे करतो. घरात केस गळणारा कुत्रा असेल तर हा आकडा बाजूला ठेवावा, यंत्राचे जमिनीवर फिरणारे तोंड हातात घेऊन उलटे करावे आणि निवडीला तिथून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. माझ्या घरी एक लॅब्रेडॉर आणि एक स्पिट्झ आहे, त्यामुळे या विषयात मला विचार करायला भरपूर वाव मिळाला आहे. केस उचलला कसा जातो, वाटेत अडकतो कुठे आणि शेवटी यंत्रातून बाहेर काढायचा कसा, या तीन गोष्टींवर अशा घरातल्या यंत्राचे बरेवाईट ठरते. मोटारीचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी केसांविषयी. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की, स्पिट्झ यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर राठ, पाणी निथळू देणारे केस आणि त्यांच्या खाली दाट, मऊ लोकर. ही लोकर दिवसाच्या लांबीनुसार वाढते आणि गळते, म्हणून ऋतू पालटताना ती पुंजक्यापुंजक्यांनी निघते. बहुतेक वेळ घरात, दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या कुत्र्यांचे केस मात्र वर्षभर थोडेथोडे गळतच राहतात. पूडलसारख्या जातींचे केस फार कमी गळतात, तेव्हा त्यांच्या मालकांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. लांब केसांचा कुत्रा म्हणजे जास्त त्रास, असे बहुतेकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. स्पिट्झची लोकर हलकी असते, फरशीवरून घरंगळत कपाटाखाली आणि दारामागे जाऊन साठते, आणि तिथून ती कोणतेही बऱ्यापैकी यंत्र ओढून घेते. लॅब्रेडॉरचा केस आखूड, ताठ आणि टोकदार असतो. तो सोफ्याच्या कापडात सुईसारखा उभा घुसतो, आणि केसाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खवल्यांमुळे विणीत धरून बसतो. तिरप्या उजेडात पाहिले तर त्याचे टोक तेवढे वर आलेले दिसते; हाताने झटकले की ते वाकते आणि हात पुढे सरकताच पुन्हा उभे राहते. अशा केसावरून नुसती हवा कितीही जोरात ओढली तरी तो जागचा हलत नाही. त्याला आधी काहीतरी घासून उपटावे लागते.

वॅटचा आकडा इथेच कुचकामी ठरतो. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते त्याचे माप. ते किती केर उचलते याचे नव्हे. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॅटची कमाल मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वॅटवर आणली. त्यानंतर तिथली घरे अस्वच्छ राहिली असे काही झाले नाही. उत्पादकांनी हवेचे मार्ग आणि तोंडाची रचना सुधारली. वॅटऐवजी आता ओढीचा जोर सांगणारे पास्कलमधले आकडे मिरवले जातात, पण तेही जपूनच वाचावेत. ही ओढ सहसा हवेचा मार्ग बंद असताना, म्हणजे यंत्रातून हवा वाहतच नसताना मोजलेली असते, तर केस वाहून न्यायला वाहती हवा लागते. ओढ आणि प्रवाह या दोन्हींचा हिशेब धरणारे माप एअर वॅट हे आहे. ते दिलेले असेल तर तुलनेसाठी तेच घ्यावे.

आता तोंडाकडे वळू. जेम्स मरी स्पँग्लर या अमेरिकन माणसाने १९०८ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट मिळवले, त्यात ओढीच्या जोडीला फिरता ब्रश होता. कुत्र्याच्या केसांवरचा उपाय आजही तोच आहे. प्रश्न एवढाच, की तो ब्रश कशाच्या बळावर फिरतो. काही यंत्रांत तो आत ओढल्या जाणाऱ्या हवेवर फिरतो; अशा तोंडाला बहुधा टर्बो ब्रश म्हणतात. फरशीवर आणि पातळ सतरंजीवर तो झकास फिरतो, पण जाड गालिच्यावर दाब पडला किंवा आत केस गुंतले की मंदावतो आणि अखेर थांबतो, म्हणजे गरज असते नेमक्या त्याच वेळी. दुसऱ्या प्रकारात ब्रशला स्वतःची वेगळी मोटार असते. गालिचे किंवा कापडी बैठका असलेल्या घरात मी दुसऱ्या प्रकाराखेरीज काही सुचवणार नाही. घरभर नुसती फरशी किंवा लाकडी जमीन असेल तर मात्र जोरात फिरणारा राठ ब्रश उलट त्रास देतो, कारण तो केस आत घेण्याऐवजी मागे भिरकावतो. तिथे ब्रश बंद करण्याची सोय असावी किंवा मऊ कापडी रोलर असलेले तोंड मिळावे.

केस गुंतण्याचा प्रश्न याच जागी सर्वांत बिकट होतो. लांब केस रोलरभोवती, म्हणजे ब्रशच्या फिरत्या दांड्याभोवती, आवळून बसतात, हळूहळू त्यांची घट्ट दोरी होते, आणि त्यांतले काही सरकत सरकत रोलरच्या दोन्ही टोकांना, बेअरिंगच्या टोपीखाली शिरतात. वरून रोलर स्वच्छ दिसत असतो आणि टोपी उघडली की आत केसांची आवळलेली चकती निघते; तिच्या घर्षणाने टोक तापते आणि रोलर फिरवणारा पट्टा असलेल्या यंत्रात त्या पट्ट्यावर ताण येतो. म्हणून निवड करताना रोलर बाहेर काढून पाहावा. तो हत्याराशिवाय निघतो का, टोकाच्या टोप्या हाताने सुटतात का, कात्रीचे पाते सरकवायला रोलरवर खाच आहे का, हे सगळे एका मिनिटात कळते. रबराच्या पट्ट्या असलेल्या रोलरवर केस ब्रशच्या काट्यांपेक्षा कमी गुंततात. निमुळते रोलर केस बारीक टोकाकडे ढकलून आत सोडतात, तर काही तोंडांमध्ये केस विंचरून काढणारी फणी बसवलेली असते. ‘केस अजिबात गुंतत नाहीत’ या जाहिरातीवर माझा विश्वास नाही. मात्र चांगल्या रचनेत कात्री हातात घेण्याची वेळ खूपच कमी येते.

सोफा, गाद्या आणि गाडीतली आसने यांसाठी मोटार असलेले छोटे तोंड सोबत मिळते का, हे आवर्जून विचारावे. नुसते सपाट, कापडी पट्टीचे तोंड लॅब्रेडॉरच्या केसापुढे हात टेकते. अगदीच हट्टी जागी आधी ओलसर रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवून केसांचा गोळा करावा आणि मग यंत्र लावावे.

उचललेले केस जातात कुठे, याचाही विचार हवा. बिनपिशवीच्या यंत्रात हवा चक्राकार फिरवून केर वेगळा केला जातो, आणि पारदर्शक पेटीत भरलेला केर पाहून समाधानही वाटते. पण केस वजनाला हलके आणि आकाराने अवाढव्य असतात. पेटी बघता बघता भरते, आतल्या जाळीभोवती केस गुंडाळले जातात आणि झाकण उघडले तरी गोळा खाली पडत नाही. मग तो बोटांनी ओढावा लागतो आणि बारीक धूळ परत नाकातोंडात जाते. पिशवीच्या यंत्रात केस दाबून बसतात, पिशवी तोंड बंद करून टाकता येते आणि घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर हाच मार्ग बरा. पिशव्यांचा खर्च मागे लागतो हे खरे. तरीही दोन थरांच्या केसांचा कुत्रा असेल तर माझा कौल पिशवीकडे आहे. यंत्र भरत आले की कसे चालते, हा प्रश्न मात्र दोन्ही प्रकारांत विचारावा. युरोपातले व्हॅक्यूम क्लीनरचे ऊर्जा-लेबल तिथल्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये रद्द ठरवले, ते याच कारणाने: चाचण्या केराची पेटी किंवा पिशवी रिकामी ठेवून घेतल्या जात होत्या, आणि असे यंत्र घरात फार वेळ नसते.

जाता जाता पिसवांविषयी. व्हॅक्यूम केलेल्या पिसवा पिशवीतून पुन्हा बाहेर येतील या भीतीने अनेक जण अस्वस्थ असतात. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, यंत्रात ओढल्या गेलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या असे आढळले. पिशवी काढण्याची घाई करण्याचे कारण नाही.

ॲलर्जी केसामुळे होते असा समज आहे, पण तिचे मूळ कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांत असते. केस त्यांचा वाहक होतो. हा कोंडा इतका बारीक असतो की साध्या गाळणीतून तो पार होऊन मागच्या झरोक्यातून खोलीभर पसरतो. त्यासाठी हेपा फिल्टर हवा. अमेरिकी मानकाप्रमाणे तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. वेष्टनावर ‘हेपासारखा’ असे काही लिहिले असेल तर ते हेपा नव्हे. आणि फिल्टर खरा असला, तरी यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून हवेचा संपूर्ण मार्ग बंदिस्त असल्याचे उत्पादकाने स्पष्ट सांगितले आहे का, ते पाहावे. धुता येणारे फिल्टर सोयीचे असतात, मात्र ते पूर्ण वाळायला साधारण २४ तास लागतात. ओलसर फिल्टर बसवला की यंत्रातून ओल्या कुत्र्याचा वास येऊ लागतो, तेव्हा जादा फिल्टरची जोडी जवळ असावी.

बिनतारी यंत्र हाताशी असल्यामुळे रोज वापरले जाते, आणि केसांच्या बाबतीत रोज थोडे उचलणे हे आठवड्यातून एकदा पुष्कळ उचलण्यापेक्षा सोपे पडते. मात्र वेष्टनावरची बॅटरीची मिनिटे सर्वांत कमी ताकदीवर आणि पुष्कळदा मोटारीचा ब्रश न जोडता मोजलेली असतात. पूर्ण ताकदीवर बहुतेक यंत्रे पाऊण तास नव्हे, दहा-पंधरा मिनिटेच टिकतात. बॅटरी काढून बदलता येणारेच यंत्र घ्यावे. आपोआप घरभर फिरणाऱ्या रोबोट व्हॅक्यूमने फरशीवरची रोजची लोकर आवरली जाते, गालिच्यात रुतलेला केस निघत नाही, म्हणून त्याला मदतनीस समजावे. कुत्र्याचे पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा घरात घाण करत असेल तर कॅमेऱ्याने अडथळा ओळखणाराच रोबोट घ्यावा, नाहीतर तो ती घाण नेमाने घरभर सारवून ठेवतो.

कुत्र्याचाही विचार करायला हवा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. वेगाने फिरणाऱ्या लहान मोटारींची जी किणकिण आपल्याला जाणवतही नाही, ती त्याला छळू शकते. वेष्टनावरचा डेसिबलचा आकडा त्यामुळे अपुरा असला तरी पाहावा, कारण १० डेसिबल वाढले की आवाज आपल्याला सुमारे दुप्पट भासतो. शक्य असल्यास यंत्र चालू करून ऐकावे आणि ताकद टप्प्याटप्प्याने वाढवता येते का, ते तपासावे. घरी आणल्यावर सुरुवातीचे काही दिवस ते बंद अवस्थेत खोलीत नुसते ठेवावे, कुत्र्याला हुंगू द्यावे आणि पहिल्यांदा चालू करताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे.

पैसे देण्यापूर्वी एक चौकशी उरते. रोलर, पट्टा, फिल्टर, पिशव्या आणि बॅटरी हे भाग सुटे मिळतात का आणि आपल्याला घरच्या घरी बसवता येतात का, हे त्याच मॉडेलच्या क्रमांकाने विचारावे. कुत्र्याच्या घरात रोलर हा झिजणारा भाग आहे. तो सुटा मिळत नसेल तर बाकी कितीही चांगले असलेले यंत्र मी यादीतून काढून टाकतो.