हे कोण? नाव द्या

दुपारी जेवण झालं की तासभर फोटो लावत बसायचं, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. पुण्यात एक ते चार दुसरं करणार तरी काय? परवा असंच नवं स्कॅन केलेलं पाकीट आत ढकललं आणि सॉफ्टवेअर चेहरे गोळा करायला लागलं. थोड्या वेळाने त्याने एक चेहरा पुढे केला. ठसठशीत कुंकू, मोठी नथ, नजर थेट माझ्याकडे. खाली प्रश्न : 'हे कोण? नाव द्या.' फोटो 214.

आमच्या गौरीचा मुखवटा!

मी हसले खरी, पण त्याचं काय चुकलं? दरवर्षी माहेरपणाला येणारीचे फोटो जास्तच निघणार. शिवाय माझ्या या कामात गौरींइतकी मदत कुणाची होत नाही. स्कॅन केलेल्या फोटोला स्कॅन केल्या दिवसाचीच तारीख चिकटते, त्यामुळे 1968 चे आजोबा भाच्याच्या बारशानंतर रांगेत येऊन उभे राहतात. मग एकेकाची तारीख हाताने बदला, फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस लिहा. कळेल तेवढं लिहायचं, बाकी शून्यं. माझ्याकडे शून्यांचा फार साठा झालाय. पण फोटोत गौरी दिसल्या की भाद्रपद पक्का. अनुराधा नक्षत्रावर येणार, ज्येष्ठावर जेवणार, मूळावर निघणार; साल कळलं की जुन्या पंचांगात दिवससुद्धा सापडतो.

आणि सालासाठी आत्या. तिला माणसांच्या तारखा आठवत नाहीत, साड्या आठवतात. "ही मोरपिशी ना? वहिनीच्या डोहाळजेवणात आलेली. लगेच पुढच्या गौरींना नेसवली. म्हणजे तू पोटात... छे गं, तू झाली होतीस. पाळण्यात होतीस आणि आरतीभर भोकाड पसरलं होतंस." लिहिलं, 1974.

एवढं करून फोटो घरच्या ग्रुपवर टाकावा, तर तो बारीक होऊन जातो आणि कष्टाने लावलेली तारीख वाटेतच गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर कुणी उघडत नाही. नुसता टाकला की अकरा नमस्कार. महिन्याभराने तोच फोटो काका गुलाबांच्या चौकटीत 'शुभ सकाळ' म्हणून मलाच पाठवतात.

माझा पहिला फोल्डर 1961 चा आहे. त्याच्या आधीचं काही नाहीच. 12 जुलैला पानशेत फुटलं आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं. आजी निघाली ती काकांना कडेवर घेऊन आणि दुसऱ्या हातात फळीवरचा पितळी डबा. डब्यात गौरींचे मुखवटे. आल्बम राहिला पलंगाखालच्या ट्रंकेत. काळ्या जाड पानांचा, फोटोच्या चारी कोपऱ्यांना खाचा, मधे कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला बटर पेपर, असं आजीने इतकं बारकाईने सांगितलंय की मी तो चाळलाय असंच मला वाटतं. पाणी उतरल्यावर ट्रंक सापडली. पानांची एकच वडी झाली होती. पणजीचा एकुलता एक फोटो त्या वडीत कुठेतरी.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, आल्बम का नाही गं घेतलास? ती पुरण वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "भाद्रपद दोन महिन्यांवर आलेला. आल्बमला साडी नेसवणार होते का मी?"

मग थोडं थांबून म्हणाली, "नथ बघ. सासूबाईंची आहे ती."

चौकट रिकामीच होती. 'ज्येष्ठा' असं लिहिलं. लगेच दुसरा मुखवटा पुढे आला : 'ही तीच व्यक्ती आहे का?' मी दोघींकडे आलटून पालटून बघत राहिले. मोठी कुठली नि धाकटी कुठली, हे आजी नुसत्या हाताने ओळखायची. शेवटी आत्याला फोन लावला.

"थांब," आत्या म्हणाली, "साडी कुठली आहे ते सांग."