आमची वाटचाल : कटआउटच्या ओतकामापासून प्रोटॉनच्या ॲपर्चरपर्यंत

हिंगणा एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप सुरुवातीला ओतकामाचं. लिनॅकच्या (कॅन्सरच्या रेडिएशन यंत्राच्या) इलेक्ट्रॉन बीमला गाठीचा आकार देणारे कटआउट करायला थर्मोकोलचा साचा तापल्या तारेनं कापायचा आणि त्याभोवती बिस्मथ, शिसं, कथील व कॅडमियमचा, ७० अंशांना वितळणारा मिश्रधातू ओतायचा. पुढे सीएनसी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) आलं आणि हॉस्पिटलच्या फिजिसिस्ट मंडळींकडून प्रोटॉन बीमच्या वाटेत बसवायच्या तुकड्यांची विचारणा सुरू झाली: बीमला गाठीचा आकार देणारा पितळी ॲपर्चर, आणि बीम कुठे किती खोल जाईल ते ठरवणारा ॲक्रिलिकचा कॉम्पेन्सेटर. प्रोटॉनचं यंत्र नागपुरात नाही; इथला पेशंट खारघर नाहीतर चेन्नई गाठतो.

बारीक बीम फिरवून गाठ भरणारा स्कॅनिंग बीम आल्यावर दर पेशंटमागे ॲपर्चर कापायची गरज बरीच कमी झाली, हे खरं. पण ७० एमईव्ही इतक्या कमी ऊर्जेचा प्रोटॉनही पाण्यात सुमारे ४ सेंमी आत जातो. गाठ त्याहून उथळ असेल तर वाटेत रेंज शिफ्टर, म्हणजे बीमची खोली कमी करणारी जाड पाटी, धरावाच लागतो. त्यात बीम पसरतो, आणि कडा पुन्हा धारदार करायची तर पितळी ॲपर्चर लागतो. म्हणून काम संपलेलं नाही, बदललंय.

कच्च्या मालाला आम्ही मशीनपेक्षा जास्त वेळ देतो. ॲक्रिलिकचा १ मिमी प्रोटॉनला पाण्याच्या सुमारे १.१६ मिमीइतका अडवतो. म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे जाडी बरोबर येऊन भागत नाही, घनताही जमली पाहिजे. प्रत्येक लॉटचा तुकडा हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढतो, १.१८ ते १.१९ ग्रॅम/घनसेंमीच्या बाहेर गेला की परत. शीट कास्टच (साच्यात ओतलेली) घ्यायची. एक्सट्रूडेड (दाबून काढलेली) स्वस्त पडते, पण कटरखाली मऊ होऊन चिप चिकटते. आतला बुडबुडा डोळ्याला दिसला नाही तरी सीटीत दिसतो, म्हणून जाड ब्लॉक शक्यतो स्कॅन करून घेतो.

मग तापमान. मे महिन्यात शेडमध्ये ४० अंश सहज असतात. २०० मिमी ॲक्रिलिक २० अंशांच्या फरकानं जवळपास ०.२८ मिमी वाढतं, पितळ ०.०८. आमची मर्यादाच कॉम्पेन्सेटरच्या खोलीला ०.२ मिमी. दुपारी शेडमध्ये व्हर्निअर लावून पास केलेला जॉब एसीत चुकीचा ठरणारच. म्हणून फायनल कट आणि मोजणी दोन्ही २० अंशांच्या खोलीत, जॉब तिथे रात्रभर ठेवून. कूलंट म्हणून फक्त हवा. स्पिरिट लागलं की ताण असलेल्या जागी केसासारख्या भेगा पडतात.

कॉम्पेन्सेटरच्या खोल खड्ड्यात ५ मिमीचा बॉल कटर तळापर्यंत उतरतो, पण अरुंद कोपऱ्यात माल शिल्लक ठेवतो. तिथे रेंज कमी पडते, गाठीची मागची कड सुटू शकते. ३ मिमीचा कटर पोचतो, मात्र लांब बाहेर काढला की थरथरतो. त्यामुळे रफिंग जाड कटरनं, शेवटचा हात बारीक कटरनं, आणि सीएमएमच्या (मिती मोजणाऱ्या यंत्राच्या) रुबी प्रोबनं सर्वांत खोल व सर्वांत तीव्र उताराच्या जागी तपासणी. सपाट भागावर मोजून आकडे छान येतात, कळत काहीच नाही. हॉस्पिटलकडून आलेली कॉम्पेन्सेटरची फाइल उघडल्यावर पहिला प्रश्न हाच: ग्रिडमधला आकडा उरलेली जाडी सांगतो की खोदायची खोली? उलट वाचलं तर टेकाडाचा खड्डा होतो.

ॲपर्चरला आम्ही ६ सेंमीचा एक ठोकळा न घेता २ सेंमीच्या तीन चकत्या करतो. १८ सेंमी व्यासाची एक भरीव चकती सव्वाचार किलो भरते. तिन्ही एकत्र तेरा किलो, टेक्निशियननं रोज उचलायचं वजन नव्हे. अडचण चकत्या एका रेषेत बसण्याची: पिनांची भोकं सैल असली की आत पायऱ्या पडतात आणि काठावरून विखुरलेले प्रोटॉन डोस बिघडवतात. बर (कापताना उरलेली धातूची टोचरी कड) निघालेला काठ हाताच्या फाइलनं गोल करू नये, तोही आकारच बदलतो. तपासणीला १:१ पारदर्शक प्रिंट वर ठेवतो, पण बीमच्या दिशेनं पाहिलेली. उलट बाजूनं ठेवली तर आरशातला आकार हुबेहूब जुळतो आणि चूक पास होते. म्हणून प्रत्येक चकतीला एकाच बाजूला खाच आणि ‘स्रोताकडे’ असा खोदलेला शब्द.

अंतिम निकाल बीमवरच. पाण्याच्या टाकीत तुकड्याशिवाय आणि तुकड्यासह ब्रॅग पीकचा (प्रोटॉन थांबायच्या आधी डोस सर्वाधिक होतो त्या शिखराचा) मागचा, डोस ८० टक्क्यांवर उतरतो तो बिंदू मोजायचा. तो जितका स्रोताकडे सरकला तितकी त्या तुकड्याची पाण्यातली जाडी. हे मोजमाप मेडिकल फिजिसिस्टचं, आम्ही फक्त लॉट नंबर, वजन आणि सीएमएमचा कागद जोडून देतो. वापरलेलं पितळ भंगारात परत घेत नाही. त्यात बीममुळे झिंक-६५ हे किरणोत्सारी झिंक तयार होतं, त्याचं अर्धायुष्य २४४ दिवसांचं; ते हॉस्पिटलमध्येच साठवून, मोजून, मगच बाहेर पडतं.