आमची वाटचाल : काउंटरवरची पाण्याची वाटी

आमच्या दुकानात काउंटरवर पाण्यानं भरलेली स्टीलची एक वाटी कायम असते. कार्पेट घ्यायला कुणी आलं की मी पीसच्या कडेचा एक धागा ओढते, वाटीत टाकते आणि बोटानं बुडवते. धागा वर आला तर पॉलीप्रॉपिलीनचा. तळाला गेला तर नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर. पॉलीप्रॉपिलीन हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, एवढंच त्यातलं गुपित. पण घरमालकानं तो धागा स्वतःच्या डोळ्यांनी तरंगताना बघितला की पुढचं बोलणं सोपं होतं.

ही वाटी २०१९ च्या महापुरानंतर आली. दुकान त्याच्या बरंच आधीचं.

आबा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका छोट्या गाळ्यात चटया, सतरंज्या, जमखाने विकायचे. लग्नसराई आणि गणपती हे त्यांचे दोन हंगाम. कार्पेटचे रोल दुकानात आले ते मंडपवाल्यांसाठी, लाल आणि हिरवे. त्यांच्या मागोमाग क्लासवाले आले, दवाखाने आले. मी बी.कॉम. करून दुकानात बसायला लागले तेव्हा एक नवीनच गिऱ्हाईक वाढत होतं : खोल्या भाड्यानं देणारे घरमालक. शिवाजी विद्यापीठाची पोरं राजारामपुरीत, सायबर चौकाच्या बाजूला राहतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला आलेली माणसं अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतात. मालकाची जुनी मोझॅकची फरशी काळवंडलेली असते, कुठंकुठं फुटलेली असते. नवीन टाइल बसवायची तर सगळी तोडफोड आली. वरच्या मजल्यावर पोरं खुर्च्या ओढतात आणि खालच्यांशी भांडणं होतात, हे दुसरं कारण. म्हणून कार्पेट. आणि पहिलंच वाक्य ठरलेलं : "ताई, भाडेकरूला टाकायचंय, स्वस्तातलं दाखवा."

सुरुवातीला मी खरंच स्वस्तातलं दाखवायचे, नाहीतर दिसायला सुंदर ते दाखवायचे. त्यातूनच आमच्या हातून मोठी चूक झाली.

राजेंद्रनगरच्या बाजूला एका काकींच्या तळमजल्यावर तीन खोल्या होत्या. खाली शहाबादी फरशी. मी त्यांना मऊ कटपाइल, म्हणजे वरचे धागे कापून उभे ठेवलेलं कार्पेट दिलं, खाली फोमचा अंडरले, आणि सरकू नये म्हणून सगळीकडे सोल्युशन लावून चिकटवलं. एप्रिलमध्ये खोल्या इतक्या छान दिसत होत्या की काकींनी शेजारणींना बोलावून दाखवल्या. जुलैत त्यांचा फोन आला, "बाळ, खोलीत पाय ठेववत नाही गं. कुबट वास मारतोय." आमचे फिटरमामा आणि मी गेलो. मामांनी कोपऱ्यातून कार्पेट उचललं तर फोम काळा पडलेला, दाबला की बोटाला पाणी लागत होतं. सोल्युशनचा चिकट लगदा झाला होता. पाणी वरून सांडलेलं नव्हतं. ते जमिनीतून फरशीच्या सांध्यांतून वर येत होतं आणि फोममुळे वाळायला वाट नव्हती. दोन पोरं खोली सोडून गेली होती. आम्ही काकींचे पूर्ण पैसे परत केले. मामांनी तीन दिवस बसून पत्र्यानं फरशी खरवडली.

मी घरी येऊन कंपनीच्या मालाला नावं ठेवत होते. आबा म्हणाले, "मालाला दोष देऊ नको. माल चांगला होता. तू जागा बघितली नाहीस."

तेव्हापासून तळमजल्याची ऑर्डर असेल तर मामा आदल्या दिवशी जातात. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवतात. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं तर आम्ही तिथं चिकटवायचं कार्पेट विकत नाही. सरळ सांगतो, इथं फरशी पॉलिश करून घ्या, वर उचलता येईल अशी सतरंजी टाका. नव्यानं कोबा केलेल्या खोलीतही तेच. सिमेंट पुरतं वाळेपर्यंत थांबा म्हणतो. अशा कित्येक ऑर्डरी सोडल्या. त्यातले बरेच लोक दुसऱ्या कामासाठी परत आले.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं गोडाऊन शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला होतं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, बाहेरून मदतीला टेम्पो येण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तेव्हा आत चिखलाचा वास कोंडलेला होता. रोल जागेवरच होते, पण भिजून इतके जड झाले होते की चौघांना एक हलेना. जागेवर उलगडायचे, कापायचे आणि ओढत बाहेर काढायचे, असं आठ दिवस चाललं.

त्या आठ दिवसांत मी कार्पेट शिकले. ज्यांची पाठ तागाची होती ते आक्रसले होते, तागाचा तपकिरी रंग वर धाग्यांत उतरला होता, आणि दोन दिवसांत त्यांना कुजका वास सुटला. ते सगळे टाकून द्यावे लागले. पॉलीप्रॉपिलीनचे, सिंथेटिक पाठीचे तुकडे मात्र आम्ही पाण्याचा पाइप मारून धुतले, गच्चीच्या कठड्यावर टाकले आणि ते वाळले. हा धागा पाणी पीत नाही. त्याचा रंगही वरून दिलेला नसतो, वितळलेल्या प्लास्टिकमध्येच रंग मिसळून धागा ओढतात. त्यामुळं चिखलातून निघूनही रंग होता तसाच होता. एक निळा तुकडा अजून आमच्या जिन्यात टाकलेला आहे.

म्हणून ही वाटी.

पण नुसतं तरंगलं म्हणून घ्या, असं मी कुणाला सांगत नाही. पॉलीप्रॉपिलीनचे दोन दोष आहेत आणि भाड्याच्या खोलीत दोन्ही पुढं येतात. एक म्हणजे तेल. चहा सांडला तर टिपून घेता येतो, पण तांबड्या रश्श्याचा कट सांडला तर तेल त्या धाग्याला धरून बसतं. दुसरं म्हणजे उष्णता. १६० अंशांच्या आसपास हे वितळतं. डासांची कॉइल, पडलेली उदबत्ती, जमिनीवर ठेवलेली इस्त्री, पोरांच्या खोलीत यातलं काहीतरी होतंच. लोखंडी कॉट जोरात ओढली तरी घासून चकाकता पट्टा पडतो. नायलॉन यापेक्षा चिवट असतं, दबलेलं परत उभं राहतं. पण महाग, आणि हळदीसारखे डाग आत ओढून घेतं. (हळदीच्या डागाला आधी साबण लावू नका, लाल होतो. पाण्यानं टिपा, कार्पेट उचलता येत असेल तर उन्हात टाका, डाग फिका पडतो.)

धाग्याइतकीच वीण महत्त्वाची. पीस हातात घेऊन उलटा दुमडायचा, पुस्तक उलटं मोडतात तसा. दुमडलेल्या जागी धाग्यांच्या रांगांमधून पाठ उघडी दिसली तर वीण विरळ आहे, वर्षभरात दाराशी टक्कल पडणार. पाठ दिसली नाही तर घ्या. उंच, मऊ धागा भाड्याच्या घरात नको. आपल्याकडं भाडेकरूकडं व्हॅक्यूम क्लीनर नसतो, केरसुणी असते. आणि बरेच जण सवयीनं कार्पेटवरूनही ओला पोछा फिरवतात. बसकं, घट्ट लूप, म्हणजे न कापलेल्या धाग्यांचे फासे असतील तर केरसुणीनं कचरा निघतो आणि ओल लवकर वाळते. रंग मधला, दोन-तीन छटा मिसळलेला घ्यावा. पांढरट रंगावर डाग दिसतात आणि गडद रंगावर धूळ.

आता पैशाचं. राजारामपुरीतले एक मालक दर दोन वर्षांनी साधं नॉनवोव्हन, म्हणजे न विणता धागे दाबून केलेलं कार्पेट घ्यायचे. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. समजा २० रुपये चौरस फूट, खोली दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट, २४०० रुपये, दोन वर्षं. वर्षाला १२०० पडले. लूपच्या कार्पेट टाइल्स, म्हणजे कार्पेटचे चौकोनी तुकडे, समजा ७० रुपये चौरस फूट, ८४०० रुपये, सात वर्षं. वर्षाला १२००च. ते म्हणाले, "मग फरक काय?" फरक असा की सात वर्षांत त्यांचं कार्पेट तीनदा बदलायचं. तीनदा मजुरी, तीनदा कॉट-कपाटं हलवायची, आणि त्यासाठी खोली रिकामी ठेवायची तर भाडं बुडतं ते वेगळंच. शिवाय कॉइलनं भोक पडलं तर रोलमध्ये ते कायमचं दिसतं. टाइल ५० सेंटिमीटरची असते, तेवढीच बदलायची. भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापायचे तरी एका टाइलचे कापता येतात, अख्ख्या खोलीचे नाही, आणि भांडण होत नाही. एका खोलीला साधारण ४५ टाइल्स लागतात. कापाकापी आणि जादा मिळून मी ५० घ्यायला लावते.

पण एकाच वर्षाचा करार करून पुढं फ्लॅट विकायचा असेल, तर नॉनवोव्हनच घ्या. तिथं मी टाइल्स सांगत नाही.

रोल घेतला तर मापाची दिशा बघा. नॉनवोव्हनचा रोल बहुतेक दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट रुंद येतो. त्याच दहा बाय बाराच्या खोलीत पट्ट्या दहा फुटांच्या बाजूनं टाकल्या तर दोन पट्ट्यांत १३० चौरस फूट माल लागतो. बारा फुटांच्या बाजूनं टाकल्या तर १५६. तेवढ्याच खोलीला २६ चौरस फूट जास्त, आणि ते मालकाच्या खिशातून. मामा म्हणूनच दुकानातून अंदाजानं माप सांगत नाहीत, टेप घेऊन घरी जातात. जोड दारासमोर येऊ देत नाहीत, आणि उंबऱ्याशी ॲल्युमिनियमची पट्टी मारल्याशिवाय काम संपलं म्हणत नाहीत. कार्पेट पहिलं उसवतं ते उंबऱ्याशीच.

टाइल्सच्या बाबतीत एकदा आम्हीही फसलो. पुरवठादारानं एकाच ऑर्डरीत दोन लॉटचा, म्हणजे दोन वेगळ्या वेळी बनलेला माल पाठवला. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग सारखा वाटला. तिसऱ्या मजल्यावर उन्हात टाकला तर अर्धी खोली वेगळी दिसत होती. आम्ही त्या सगळ्या काढून दुसऱ्या बसवल्या, खर्च आमचा. तेव्हापासून एक लांब वही केली. गल्ली, मजला, माप, लॉट नंबर, मालकाकडं किती जादा टाइल्स ठेवल्या, सगळं तिच्यात. प्रत्येक लॉटचा थोडा माल आम्हीही मागं ठेवतो.

२०२१ ला पाणी परत चढलं तेव्हा ही वही आणि रोल दोन्ही वर होते. गोडाऊन आता पहिल्या मजल्यावर आहे. भाडं जास्त बसतं, पण जुलै लागला की मला झोप लागते.

परवा राजेंद्रनगरच्या त्याच काकींच्या मुलाचा फोन आला. चार वर्षांपूर्वी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या खोलीत आमच्याकडून टाइल्स घातल्या होत्या. खालच्या तीन खोल्यांत अजूनही पॉलिश केलेली शहाबादीच आहे. भाडेकरूच्या हातून इस्त्री पडली होती, दोन टाइल्स जळल्या. जादा ठेवलेल्या आधीच वापरून झाल्या होत्या. वही काढली, लॉट नंबर बघितला, माळ्यावर त्याच लॉटच्या सहा निघाल्या. दुपारी मामा त्यातल्या दोन घेऊन गेले.