लॉडेबल की लॉडेटरी?

आमच्या हॉस्पिटलातले जखमांची मलमपट्टी करणारे ड्रेसर काका गेल्या महिन्यात रिटायर झाले. मी तिथूनच ६ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मानपत्र इंग्रजीत करायचं ठरलं होतं. ऑफिसातल्या मुलीनं मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला: "सिस्टर, एकदा नजर टाकता का? संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात छपाईला द्यायचंय."

त्यात काकांच्या सेवेला 'लॉडेटरी' म्हटलं होतं. मी लगेच फोन लावला. "अगं, लॉडेबल हवं."

"दोन्ही कौतुकाचेच ना?"

कौतुकाचेच. मूळही एकच, स्तुती करणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद. पण लॉडेबल म्हणजे स्तुतीला पात्र, आणि लॉडेटरी म्हणजे स्तुती करणारं. मराठीत हा भेद चोख आहे: काम स्तुत्य, भाषण स्तुतिपर. आम्ही त्या दिवशी बोलणार होतो ते लॉडेटरी. काकांनी ३१ वर्षं केलं ते लॉडेबल. त्यांचं श्रेय आमच्या भाषणांकडे जाऊन कसं चालेल?

हा शब्द माझ्या मनात पक्का बसला तो ट्रेनिंगच्या दिवसांत. सर्जरी शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं की पूर्वी युरोपातले सर्जन जखमेतल्या दाट, पांढुरक्या, वास नसलेल्या पुवाला 'लॉडेबल पस' म्हणत. जखम भरून येण्याची ती चांगली खूण मानत. १८६७ साली ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी जंतू मारणारं कार्बोलिक ॲसिड वापरून केलेले उपचार प्रसिद्ध केले. पू न होताही जखमा भरतात हे दिसलं, आणि तो समज हळूहळू मागे पडला. समज चुकीचा होता, पण शब्द नेमका होता. गुण पुवाचा मानलेला, कौतुक डॉक्टरांनी केलेलं.

काकांची सगळी नोकरी तर पू होऊ नये यातच गेली. डायबिटीसच्या पेशंटचा पाय ते किती अलगद धरायचे! चिकटलेलं गॉज कधी ओढलं नाही. सलाईननं भिजवायचे, थांबायचे, मग सोडवायचे. घाईतल्या डॉक्टरांनाही सांगायचे, "दोन मिनिटं थांबा, साहेब."

मानपत्र नीट छापून आलं. चहाच्या वेळी काका जवळ आले.

"सिस्टर, तो मधला शब्द काय होता?"

"स्तुत्य. कौतुक करावं असं काम."

"मग मराठीतच लिहायचं होतं की."

खरंच. रविवारी लक्ष्मी रोडवरून जाड कागद आणला. आता शाईच्या पेनानं लिहायला घेतलंय.