कपाट मोडलं, खण पलंगाखाली

कपाटाची पाठ फुगते, पाय कुजतात, दारं बिजागरीतून निखळतात. खण मात्र बहुतेक वेळा धडधाकट उरतात. चाकं लावली की तेच खण पलंगाखाली पांघरुणं ठेवायला उत्तम. फक्त हे काम 'तळाला चार चाकं ठोकली, झालं' असं केलं की दोन महिन्यांत तळ खाली येतो. खणाचा तळ खाचेत नुसता सरकवलेला असतो. वजन पेलायचं काम बाजूच्या फळ्यांचं.

आधी कीड बघा. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर खण काळ्या कागदावर आठ-दहा दिवस ठेवून द्या. कागदावर पिठासारखा बारीक भुसा पडला तर कीड जिवंत आहे, आणि असा खण पलंगाखाली नेणं म्हणजे पलंगाला आमंत्रण. पार्टिकल बोर्डाचा खण ओल लागून कडेला फुगला असेल तर त्याच्या नादी लागू नये. फुगलेला भुसा परत बसत नाही आणि स्क्रूही धरत नाही.

आता मापं. पलंगाखाली 28 सेमी जागा असेल तर 2 सेमी मोकळी सोडा. 40 मिमीच्या चाकाची पाटीसकट उंची 5 सेमीच्या आसपास भरते, चाकं जिच्यावर बसतात ती खालची आडवी पट्टी 2 सेमी. म्हणजे खणाला उरले 19. इथे हमखास एक चूक होते. बऱ्याच खणांची दर्शनी फळी तळापेक्षा दीड-दोन सेमी खाली लोंबते. ती जमिनीला घासणार नाही ना, हे चाकं आणण्याआधी बघा. घासत नसेल तर उलट बरंच, पट्टी झाकली जाते.

सांधे हलत असतील तर खण पूर्ण सुटा करा. जुना गोंद पटाशीने खरवडून काढावाच लागतो, कारण पांढरा गोंद लाकडात मुरून धरतो, वाळलेल्या गोंदाच्या थरावर नाही. जोडल्यावर भोवती दोरी गुंडाळून काठीने पीळ द्या आणि लगेच दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांवर दाब द्या. गोंद ओला आहे तोवरच हे जमतं. मग 24 तास हात लावू नका.

तळाचा झोळ पडलेला हार्डबोर्ड काढून खाचेत बसेल त्या जाडीचं प्लाय घाला. खाच 4 मिमीचीच असेल तर 4 मिमी प्लाय आणि मधोमध खालून एक आधारपट्टी.

चाकांसाठी 20 मिमी जाड, 50 मिमी रुंद अशा दोन लाकडी पट्ट्या घ्या. एक पुढे, एक मागे, आणि दोन्ही या बाजूच्या फळीपासून त्या बाजूच्या फळीपर्यंत. टोकांना फळीच्या खालच्या कडेत 40 मिमी स्क्रू, पण आधी अडीच मिमीचं भोक पाडून. तसाच पिळला तर जुनं वाळलेलं लाकूड हमखास चिरतं. चाकं या पट्टीवर, कडेपासून बोटभर आत, 16 मिमी स्क्रूने. 25 चा स्क्रू घेतला तर टोक पट्टी भेदून वर येतं.

फिरती चाकं दिसायला हौशी वाटतात, पण इथे नकोत. खण बाहेर ओढून पुन्हा आत ढकलला की प्रत्येक चाक आधी उलटं वळतं, तेवढ्यात खण तिरका होऊन पलंगाच्या पायाला अडतो. न फिरणारी, सरळ चाकं घ्या आणि गुण्या (काटकोन मापायचं हत्यार) लावून रेघ मारा. एक जरी वाकडं बसलं तरी खण एका बाजूला ओढतो.

रंगाचं थोडक्यात. पॉलिशपेपर आधी 80 नंबरचा, मग 120, शेवटी 220. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, वॉटरपेपरने ओला घासा.

आतून मात्र ऑइलपेंट किंवा तेलाचं व्हार्निश लावू नका, कपड्यांना आठवडेच्या आठवडे वास येत राहतो. आत लाखेचं पॉलिश: लिटरभर स्पिरिटमध्ये सुमारे 120 ग्रॅम चपडा लाख रात्रभर विरघळवा, गाळा, फडक्याने दोन पातळ हात द्या. तासाभरात वाळतं आणि जुन्या लाकडाचा कुबट वासही आत कोंडतं. पाणी सांडलं तर त्यावर पांढरे डाग उठतात, तेवढं सांभाळा.

वरून घट्ट झाकण नको, आतली ओल अडकते. जुन्या चादरीचा तुकडा पुरतो. पुढच्या कडेला चुका मारून तो पक्का करा, नाहीतर चाकांत गुंततो.